फास्ट ऑप-अँप टाकला आणि सर्किट बोंबलायला लागलं

सर्किट स्लो वाटतंय? मग ७४१ हा जुना ऑप-अँप (सिग्नल मोठा करणारी चिप) काढा आणि त्याच सॉकेटमध्ये फास्ट ऑप-अँप बसवा, असा सल्ला नेटवर सर्रास मिळतो. ७४१ ही १९६८ सालची चिप, सिग्नल वाढवण्याची तिची धाव साधारण १ मेगाहर्ट्झपर्यंत, मग २०० मेगाहर्ट्झवाली टाकली की झालं काम असं वाटणारच. होतं असं की इनपुटला काही न देताही आउटपुटवर भलतीच साइन वेव्ह नाचत असते, चिप तापते, नाहीतर डीसी व्होल्टेज उगाच सरकलेलं दिसतं. लोक दुकानदाराला शिव्या घालतात, पण चिप बहुतेक वेळा ठणठणीत असते. ती ऑसिलेट होत असते, म्हणजे स्वतःच वेव्ह तयार करत असते, बस.

यामागचं कारण मला फार आवडतं. ऑप-अँप आपल्याच आउटपुटचा थोडा भाग मायनस पिनवर परत घेतो आणि चूक दुरुस्त करतो, हा निगेटिव्ह फीडबॅक. पण दुरुस्ती पोचायला वेळ लागतो ना! १०० मेगाहर्ट्झची एक वेव्ह १० नॅनोसेकंदांत संपते, म्हणजे परत येणारा सिग्नल ५ नॅनोसेकंद उशिरा आला की वजाबाकीची बेरीज होते, आणि तेव्हाही सर्किटच्या त्या फेरीत गेन (सिग्नल वाढवण्याची ताकद) शिल्लक असेल तर ते स्वतःच स्वतःला ढकलत सुटतं. हा अर्ध्या वेव्हचा उशीर म्हणजे १८० अंश. त्यातले ९० ऑप-अँप स्वतःच खातो, उरलेल्या ९० वर तुमचा संसार.

आता फीडबॅकला १० किलोओहमचे दोन रेझिस्टर लावा, गेन २. मायनस पिन आणि तिथली ट्रॅक (बोर्डवरची तांब्याची रेघ) मिळून आपोआप ५ पिकोफॅरडचा कपॅसिटर होतो असं धरा, जो डायग्राममध्ये कुणीच काढत नाही. या कपॅसिटरला दोन्ही रेझिस्टर समांतर दिसतात, म्हणजे ५ किलोओहम, आणि ६.४ मेगाहर्ट्झच्या पुढे तो फीडबॅकला अडवून उशीर वाढवायला लागतो. २०० मेगाहर्ट्झच्या चिपसाठी हिशोब केला तर ९० पैकी जेमतेम १४ अंश उरतात. रेझिस्टर १ किलोओहमचे केले की तेच ४० च्या वर जातात. ७४१ ला यातलं काही जाणवतच नाही, कारण इतक्या वर ती पोचतच नाही. म्हणून ब्रेडबोर्डवर ती गुमान चालते आणि फास्ट चिप तिथेच बोंबलते, कारण ब्रेडबोर्डच्या शेजारशेजारच्या पट्ट्यांमध्येही काही पिकोफॅरड असतातच.

"बोट लावलं की चालतं, सर्किट माझा हात ओळखतं" असं म्हणणारे पण भेटतात. हातात जादू नाही, बोटाने थोडा कपॅसिटन्स आणि थोडा रेझिस्टन्स जोडला गेला एवढंच. चिप बदलली आणि आवाज "खुलला" म्हणणाऱ्या ऑडिओवाल्यांनी आधी आउटपुटला स्कोप (वेव्ह दाखवणारा ऑसिलोस्कोप) लावावा.

अर्थात स्कोपही फसवतो. १०एक्स प्रोबचे (सिग्नल दहापट कमी करून स्कोपला देणारी वायर) साधारण १० पिकोफॅरड आणि त्याच्या १५ सेंटीमीटरच्या ग्राउंड वायरची दीडशे नॅनोहेन्री (इंडक्टन्स) मिळून १३० मेगाहर्ट्झच्या आसपास स्वतःच वाजतात, त्यामुळे दिसणारं रिंगिंग (घंटेसारखी थरथर) सर्किटचं की प्रोबचं ते कळत नाही. ती वायर काढा, टोकाजवळची छोटी स्प्रिंग वापरा. आणि स्कोपचं २० मेगाहर्ट्झचं बँडविड्थ लिमिट (त्यावरचे सिग्नल दाबणारं सेटिंग) चालू राहिलं असेल तर खरं ऑसिलेशनही नीट दिसणार नाही.

मग सप्लाय पिन. ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर पिनला अगदी चिकटून हवा, कारण लांब पायांची दर मिलिमीटरला साधारण १ नॅनोहेन्री भरते. आउटपुटला केबल असेल तर तिचे मीटरला शंभरेक पिकोफॅरड थेट चिपवर टाकू नका, मध्ये १० ते ५० ओहमचा रेझिस्टर द्या. तरी थांबलं नाही तर फीडबॅक रेझिस्टरवर एक-दोन पिकोफॅरड लावून बघा, फक्त आधी डेटाशीट उघडा, कारण चिप करंट-फीडबॅक जातीची (मायनस पिनवर व्होल्टेजऐवजी करंटने चूक ओळखणारी) निघाली तर हाच कपॅसिटर तिला आणखी बोंबलायला लावतो.