एकच फाइल, एका प्रिंटरवर ठळक आणि दुसऱ्यावर किडमिडीत: हे कुठून आलं?

दोन लेझर प्रिंटरवर एकच पान काढलं, एकावर अक्षर ठसठशीत आणि दुसऱ्यावर किडमिडीत आलं, की आपण लगेच म्हणतो टोनर (ती काळी पावडर) संपत आलाय. असेलही. पण दोन्हीकडे कार्ट्रिज नवंकोरं असतानासुद्धा फरक दिसतो, आणि १९८०च्या दशकात तर तो इतका होता की फॉन्ट बनवणाऱ्यांनी त्याच्यापायी डोकी फोडून घेतली. मूळ शोधायला थेट झेरॉक्स मशीनपर्यंत मागं जावं लागतं.

२२ ऑक्टोबर १९३८ला न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात चेस्टर कार्लसननं गंधकाचा थर दिलेली जस्ताची पट्टी रुमालानं घासून चार्ज केली, वर अक्षरं लिहिलेली काच ठेवली, दिवा लावला, मग बारीक पावडर भुरभुरवली. उजेड पडला तिथला चार्ज गेला, अक्षराच्या सावलीत तो राहिला आणि पावडर तिथेच चिकटली. १९५९चं झेरॉक्स ९१४ काय किंवा आपल्या नाक्यावरची जुनी अॅनालॉग मशीन काय, तत्त्व हेच: कोऱ्या कागदावरून परतणारा उजेड पार्श्वभूमी पुसतो, उरतं ते काळं.

मग गॅरी स्टार्कवेदर. झेरॉक्समध्येच होता, १९७१ला पालो अल्टोच्या पार्क लॅबमध्ये गेला आणि तिथे त्यानं चक्क एका कॉपिअरमध्ये लेझर आणि फिरता बहुकोनी आरसा बसवला. आता चित्र थेट कॉम्प्युटरकडून येणार, मूळ कागदच उरला नाही, त्यामुळे एक नवीनच प्रश्न आला, की लेझरनं नेमकं काय रंगवायचं? कॉपिअरसारखी पार्श्वभूमी पुसायची म्हणजे राइट-व्हाइट, की टोनरचा चार्ज उलटा ठेवून जिथे लेझर पडेल तिथेच काळं करायचं म्हणजे राइट-ब्लॅक? दोन्ही पद्धतींची मशीनं बाजारात आली. रिकोची त्या काळातली इंजिनं (प्रिंटरच्या आतली छापणारी यंत्रणा) राइट-व्हाइट, डेक या कॉम्प्युटर कंपनीच्या एलएन०३ प्रिंटरमध्ये तीच होती. कॅननचं सीएक्स इंजिन राइट-ब्लॅक, आणि तेच १९८४च्या एचपी लेझरजेटमध्ये आणि १९८५च्या अॅपल लेझररायटरमध्ये बसलं, म्हणून बहुतेकांना लेझरचं अक्षर म्हणजे कॅननचं अक्षर असंच वाटायला लागलं.

खरी गंमत ठिपक्यात आहे. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचात ३०० ठिपके असताना, एक ठिपका साधारण ०.०८५ मिमी. पण कागदावरचा पिक्सेल चौकोनी धरलेला, आणि लेझरचा झोत गोल, शिवाय चौकोनाचे कोपरे भरून निघावेत म्हणून जरा मोठाच. राइट-ब्लॅकमध्ये हा जास्तीचा भाग काळ्याच्या बाजूनं बाहेर सांडतो, रेघ जाड होते. राइट-व्हाइटमध्ये पांढरं काळ्यात घुसतं, म्हणजे भिंतीवरचं अक्षर सोडून आजूबाजूला चुना मारायचा म्हटलं की ब्रश अक्षरात जातोच ना, तसं. शीर्षकाच्या जाड अक्षराला काही फरक पडत नाही, पण दहा पॉइंटच्या मजकुरात बारीक रेघ एक-दोन ठिपक्यांचीच असते, तिथे अर्धा ठिपका इकडेतिकडे म्हणजे अक्षराचा गडदपणाच बदलला. बिटमॅप (ठिपक्यांचा नकाशा) तोच, फॉन्ट तोच, आणि एकीकडे काळंशार तर दुसरीकडे आजारी.

यावर सगळ्यात शहाणा उपाय मला वाटतं संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नुथचा. त्याच्या मेटाफॉन्ट या फॉन्ट बनवायच्या प्रोग्रॅममध्ये अक्षराचं चित्र नसतं, ते काढायची कृती असते, आणि प्रत्येक प्रिंटरसाठी वेगळा मोड, म्हणजे सेटिंगचा संच. त्यात ‘ब्लॅकर’ नावाचा आकडा, रेघेला किती जास्तीची जाडी द्यायची ते सांगणारा. कॅननला तो लागायचाच नाही म्हटलं तरी चालेल, राइट-व्हाइटवाल्यांना द्यावा लागायचा. म्हणजे प्रिंटर बदलला की फॉन्ट पुन्हा शिजवायचा! फ्रान्स वेल्टहाउसनं १९९१ला नेदरलँड्समधून देवनागरी फॉन्ट काढला तोही मेटाफॉन्टमध्येच, त्यामुळे ही सोय आपल्या लिपीलाही मिळाली. देवनागरीला तर ती जास्तच हवी, कारण रेघ जरा सुजली तरी जोडाक्षरातल्या फटी बुजतात, आणि वाळली तर बारीक सांधे तुटतात.

पुढे आउटलाइन फॉन्ट आले, म्हणजे अक्षराची फक्त बाह्यरेषा साठवणारे, फाइल एकच, सगळ्या प्रिंटरना तीच. सोयीचं झालं, पण ती प्रिंटरनिहाय भर गेली, आणि म्हणूनच नुथचा कॉम्प्युटर मॉडर्न हा फॉन्ट आज पीडीएफमध्ये अनेकांना हडकुळा दिसतो. एचपीनं दुसरी वाट धरली, १९९०च्या लेझरजेट ३ मध्ये कडेच्या ठिपक्यांचा आकारच कमीजास्त करायला सुरुवात केली, १९९२च्या लेझरजेट ४ मध्ये ६०० डीपीआय आणि जास्त बारीक टोनर. ठिपका लहान झाला तसं सांडणंही कमी झालं.

आता बहुतेक सगळी मशीनं राइट-ब्लॅकच, त्यामुळे तो जुना वाद मिटल्यात जमा. तरी दोन प्रिंटर सारखे येत नाहीत, कारण डेन्सिटीचं सेटिंग प्रत्येक कंपनीनं आपापल्या मनानं ठेवलेलं, टोनर सेव्ह चालू राहिलेलं, रिफिलची पावडर भलतीच, ड्रम (चार्ज धरणारा रूळ) झिजलेला. आणि पावसाळ्यात रिम उघडी ठेवली असेल तर आधी सुका कागद घालून बघा, सर्दावलेल्या कागदावर टोनर नीट उतरतच नाही.