स्टॅम्प अ‍ॅक्ट आणि टी अ‍ॅक्ट: स्वस्त झालेला चहा समुद्रात का गेला?

स्पर्धा परीक्षेच्या मुलांच्या उत्तरवह्या तपासताना एक वाक्य मला दरवर्षी भेटतं: ‘ब्रिटिशांनी चहावर जबर कर लादला, म्हणून बोस्टनच्या लोकांनी चहा समुद्रात फेकला.’ नोट्समध्ये तेच, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पोस्टमध्येही तेच. प्रत्यक्षात १७७३ साली चहावर नवा कर बसलाच नव्हता. उलट त्या वर्षी अमेरिकेत चहा स्वस्त होणार होता. हे नीट उमगल्याशिवाय करावरून सुरू झालेलं भांडण अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धापर्यंत कसं पोचलं, ते कळतच नाही.

घोळ दोन कायद्यांचा आहे. १७६५ च्या स्टॅम्प अ‍ॅक्टचं वर्णन उचलून १७७३ च्या टी अ‍ॅक्टला चिकटवलं जातं.

स्टॅम्प अ‍ॅक्ट फार समजावायला नको. ज्याने कधी भाडेकरार केलाय त्याला स्टॅम्प पेपर ठाऊक असतो. फ्रान्सशी चाललेलं सात वर्षांचं युद्ध १७६३ मध्ये संपलं तेव्हा ब्रिटन कर्जात बुडालेलं होतं, आणि अमेरिकेत ठेवलेल्या फौजेचा काही खर्च तिथल्या ब्रिटिश वसाहतींनी उचलावा असं पार्लमेंटला वाटलं. वर्तमानपत्र, मृत्युपत्र, वकिलीची सनद, पत्त्यांचा जोड, सगळ्यांवर कराचा शिक्का. पत्त्यांच्या जोडामागे एक शिलिंग, फाशांच्या जोडीमागे दहा. आमचा एकही प्रतिनिधी पार्लमेंटमध्ये नाही, मग तिथून आमच्यावर कर कसा, असा प्रश्न उभा राहिला. नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले, ब्रिटिश मालावर बहिष्कार पडला आणि मार्च १७६६ मध्ये कायदा रद्द झाला. खिशातून नवे पैसे जाणार होते, लोक चिडले, सरकार नमलं. सरळ हिशेब.

पण ज्या दिवशी तो रद्द झाला, त्याच दिवशी पार्लमेंटने दुसरा कायदा केला: वसाहतींसाठी कोणत्याही बाबतीत कायदे करण्याचा पूर्ण अधिकार आमचाच. कर गेला, हक्क ठेवला. मुलं हे वाक्य नेहमी गाळतात, आणि टी अ‍ॅक्टची किल्ली नेमकी तिथेच आहे.

आता चहा. १७६७ मध्ये काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांवर जकात बसली. १७७० मध्ये बाकी सगळी उठली, चहावरची एक पौंड वजनामागे तीन पेन्स तेवढी राहिली. उत्पन्नापेक्षा ती हक्काची खूण म्हणून ठेवली होती. मग १७७३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनी अडचणीत आली. बंगालमधल्या १७७० च्या भीषण दुष्काळानंतरचा काळ, लंडनच्या गोदामांत न खपलेल्या चहाचे ढीग, आणि सरकारकडे १४ लाख पौंडांच्या कर्जाची मागणी. कंपनीच्या भारतातल्या कारभारावर सरकारी लगाम घालणारा रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट आपल्याकडे सगळ्यांना पाठ असतो. टी अ‍ॅक्ट हे त्याच वर्षीचं, त्याच संकटातून आलेलं भावंड आहे. दोन्ही एकत्र वाचावेत असा माझा आग्रह आहे.

टी अ‍ॅक्टने केलं काय? आधी कंपनीला चहा लंडनच्या लिलावात विकावा लागे, तिथून व्यापारी तो अमेरिकेला नेत. आता तिला थेट पाठवायची मुभा मिळाली आणि ब्रिटनमधली जकातही माफ झाली. अमेरिकेतली तीन पेन्सची जकात जशी होती तशीच राहिली. ती भरूनही कंपनीचा चहा डचांकडून चोरून आणलेल्या चहाशी भावात टक्कर देऊ शकणार होता.

मग राग कशाचा? चहा स्वस्त मिळतोय म्हणून लोकांनी तो घेतला असता, तर प्रत्येक पौंडामागे पार्लमेंटचा कर मुकाट्याने भरला गेला असता, आणि जो हक्क आठ वर्षं नाकारला तो गिऱ्हाइकाच्या हातानेच मान्य झाला असता. भाव कमी होता हीच त्यांना भीती होती. शिवाय त्या जकातीतून गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार निघणार होते. पूर्वी बोस्टन ज्या वसाहतीत होतं त्या मॅसॅच्युसेट्समध्ये गव्हर्नरचा पगार तिथली विधानसभा मंजूर करायची; पगार हातात असला की माणूस ऐकतो. तो लगाम सुटला होता. त्यात चहा विकायचा मक्ता ठरावीक पेढ्यांना मिळाला, आणि बोस्टनमध्ये त्यांत गव्हर्नर हचिन्सन यांचे मुलगे होते. चोरट्या चहावर पैसा कमावणारे व्यापारीही या रागात सामील होते, हेही खरं. ते लपवण्याची गरज नाही.

१६ डिसेंबर १७७३ ची संध्याकाळ या नजरेने पाहा. ‘डार्टमथ’ जहाज धक्क्याला लागून वीस दिवस होत आले होते. जकात भरायची मुदत संपली की कस्टमचे लोक माल जप्त करून उतरवणार. जहाज चहासकट परत जाऊ द्या, असं विचारायला मालक गव्हर्नरकडे गेला आणि नकार घेऊन आला. त्या रात्री तीन जहाजांवरच्या ३०० हून अधिक पेट्या कुऱ्हाडींनी फोडून पाण्यात रिकाम्या केल्या गेल्या. ओहोटी होती, चहाचे ढीग तसेच तरंगत राहिले. जहाजाचं एक कुलूप तुटलं, ते नंतर भरून देण्यात आलं. बाकी मालाला हात लावला नाही. (तो चहा चिनी होता. आसामचा नव्हे, तिथले मळे पुढच्या शतकातले. कृपा करून ‘भारतीय चहा’ लिहू नका.)

तरीही युद्ध चहाने पेटलं नाही, शिक्षेने पेटलं. १७७४ मध्ये बोस्टन बंदर बंद केलं गेलं आणि मॅसॅच्युसेट्सच्या लोकांचे कारभारातले अधिकार कापले गेले. जे आज बोस्टनचं, ते उद्या आपलं, हे इतर वसाहतींना दिसलं. बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियाला एकत्र आले; त्या सभेचं नाव काँग्रेस. १९ एप्रिल १७७५ ला लेक्सिंग्टनला गोळी सुटली. त्यानंतरही जुलैमध्ये त्यांनी राजाकडे समेटाचा अर्ज पाठवला; राजाने ऑगस्टमध्ये त्यांना बंडखोर ठरवलं. स्वातंत्र्याची घोषणा आली ती जुलै १७७६ मध्ये. तिच्यातल्या तक्रारींच्या लांबलचक यादीत कराला एकच ओळ आहे.

आणि १७७८ मध्ये पार्लमेंटने वसाहतींवर महसुलासाठी कर न लावण्याचा कायदा केला, चहावरची ती तीन पेन्सची जकातही उठवली, आणि बोलणी करायला माणसं पाठवली. वसाहतींच्या काँग्रेसने उत्तर दिलं: आधी स्वातंत्र्य मान्य करा किंवा फौजा आणि आरमार परत न्या. तह व्हायला १७८३ उजाडलं.