आईच्या दुधातल्या अँटिबॉडी बाळाच्या रक्तात जातात का?

‘दुधातून अँटिबॉडी थेट रक्तात जातात, म्हणून अंगावर पिणाऱ्या बाळाला लशीची घाई नको,’ असा निरोप वर्षानुवर्षे फिरतो.

वासराच्या बाबतीत यातला पहिला भाग खरा आहे: पहिल्या दिवशी चिकातल्या अँटिबॉडी आतड्यातून त्याच्या रक्तात उतरतात. माणसाच्या बाळाला मात्र रक्तातली आयजीजी (अँटिबॉडीचा एक प्रकार) जन्माआधीच वारेतून मिळते, बहुतांश शेवटच्या तीन महिन्यांत. पडताळा सोपा आहे. दुधाचा थेंबही पोटात जाण्याआधी घेतलेल्या नाळेच्या रक्तात ती आईइतकी किंवा थोडी जास्तच आढळते. फार लवकर जन्मलेल्या बाळात कमी. पुढे हा साठा साधारण दर तीन आठवड्यांनी निम्मा होतो.

दुधात मुख्यतः स्रावी आयजीए ही वेगळ्या प्रकारची अँटिबॉडी असते. ती रक्तात जवळजवळ शिरत नाही. आतड्याच्या अस्तरावर राहून जंतूंना चिकटू देत नाही. जुलाबापासूनचे हे संरक्षण फार मोलाचे, म्हणून चीक मुळीच टाकू नये. पण रक्तातला घटता साठा दुधाने भरून निघत नाही, म्हणून लशीही ठरल्या तारखेलाच द्याव्यात.