डोपामिन म्हणजे ‘आनंदाचं रसायन’ नव्हे

“डोपामिन सुटतं, मजा येते, म्हणून व्यसन लागतं.” डोपामिन म्हणजे मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात ते एक रसायन, आणि त्याच्याबद्दलचं हे वाक्य इतकं फिरलंय की सगळे खरंच मानतात. मूळ १९५४ सालचं. मॉन्ट्रियलमध्ये ओल्ड्स आणि मिलनर या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूत तार बसवली आणि विजेच्या सौम्य स्पंदनासाठी उंदीर कळ दाबतच राहिले. ‘आनंदाचं केंद्र सापडलं’ असा बोलबाला झाला आणि पुढे तो आनंद डोपामिनच्या नावावर जमा झाला.

पण पुढे स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेलं काम बघा. दिवा लागायचा, मग तोंडात रसाचा थेंब पडायचा. सुरुवातीला डोपामिनच्या पेशी रस मिळाल्यावर उसळायच्या. माकड शिकलं, तशा त्या दिवा दिसताच उसळू लागल्या, रसाला मात्र गप्प! दिवा लागूनही रस आला नाही, तर ठरलेल्या क्षणी त्या नेहमीपेक्षाही मंदावल्या. म्हणजे ही नोंद चवीची नाही, अपेक्षेची आहे.

मिशिगन विद्यापीठाचे संशोधक केंट बेरिज यांच्या प्रयोगात उंदरांचं डोपामिन जवळपास संपवलं होतं. ते आपणहून खाईनात, पण जिभेवर साखरपाणी पडलं की मिटक्या मारायचे. म्हणजे गोडी शाबूत होती, गेली होती ती ओढ.

म्हणूनच व्यसनी माणसाला ‘मजा मारतोय’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. दारू सोडलेल्याला नुसता ओळखीचा गुत्ता दिसला तरी तलफ येते, पिण्यात पूर्वीची गोडी उरली नसली तरी.