साखळी तोडणारी एन्झाइम्स: सीवायएलडी आणि ए20 यांची पार्श्वभूमी

युबिक्विटिन हे 76 अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन. ते दुसऱ्या प्रथिनाच्या लायसीनला जोडलं जातं, मग त्याच्यावर आणखी युबिक्विटिन चढत साखळी तयार होते. साखळी 48व्या लायसीनवरून वाढली, तर ते प्रथिन प्रोटिअसोममध्ये, म्हणजे पेशीच्या प्रथिनं मोडणाऱ्या यंत्रात, नष्ट होतं. 63व्या लायसीनवरची किंवा पहिल्या मेथिओनीनवरची (म्हणजे सरळ) साखळी मात्र संदेशवाहक प्रथिनांना जमण्याची जागा देते, आणि तिथून एनएफ-कप्पा-बी हा दाहाचा मार्ग सुरू होतो. या साखळ्या तोडणारी सुमारे 100 एन्झाइम्स, म्हणजे डीयूबी, माणसात आहेत. त्यांचं काम नुसत्या साफसफाईचं नाही हे ठसठशीतपणे दाखवलं ते दोन जनुकांनी.

पहिलं सीवायएलडी. सिलिंड्रोमॅटोसिस या आनुवंशिक आजारात मुख्यतः डोक्याच्या त्वचेवर गाठी येतात आणि वर्षानुवर्षं वाढत राहतात. त्याचं जनुक 2000 साली 16व्या गुणसूत्रावर सापडलं. ते गाठींना आवर घालणारं जनुक होतं, पण कसं, ते कळत नव्हतं. ऑगस्ट 2003 मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात तीन गटांनी उत्तर दिलं. नेदरलँड्सच्या गटाने 50 डीयूबी जनुकं आरएनए इंटरफिअरन्सने (छोट्या आरएनएने जनुकाचं काम दाबण्याच्या तंत्राने) एकेक करून दाबली. सीवायएलडी दाबताच एनएफ-कप्पा-बी उसळलं. इतर दोन गट याच मार्गातल्या निमो या प्रथिनाला काय चिकटतं ते शोधत सीवायएलडीपर्यंत पोहोचले. सीवायएलडी हे ट्राफ2सारख्या संदेशवाहक प्रथिनांवरच्या 63च्या साखळ्या तोडतं. ते गेलं की संदेश थांबत नाही, आणि जगण्याचा इशारा सतत मिळत राहिलेल्या पेशी मरत नाहीत.

दुसरं ए20. टीएनएफ हे दाह वाढवणारं प्रथिन दिलेल्या रक्तवाहिनीच्या अस्तरपेशींत ते 1990 मध्ये सापडलं होतं. 2000 साली ए20 नसलेले उंदीर तयार झाले. अनेक अवयवांत दाह होऊन ते लहानपणीच मेले. 2004 मध्ये एक देखणी कल्पना मांडली गेली: ए20 आधी आरआयपी1 या संदेशवाहक प्रथिनावरची 63ची साखळी काढतं आणि मग स्वतःच 48ची लावून त्याला नाशाकडे पाठवतं. पाठ्यपुस्तकांत आजही हेच चित्र दिसतं, पण ते अपुरं आहे. ए20मधलं साखळी तोडणारं 103वं सिस्टीन बदललेले उंदीर बऱ्यापैकी निरोगी राहिले. सरळ साखळीला नुसतं चिकटून संदेश अडवणं हेही ए20चं मोठं काम आहे.

या क्षेत्रातले अनेक गोंधळ प्रयोगासाठी पेशी फोडण्याच्या टप्प्यावरच होतात. पेशी फुटताच डीयूबी मोकळी होतात आणि नमुन्यातल्या साखळ्या खाऊन टाकतात. मग ब्लॉटवर (प्रथिनं ओळखण्याच्या चाचणीत) काहीच दिसत नाही. म्हणून बफरमध्ये एन-इथाइलमॅलीमाइड हे डीयूबींचं सिस्टीन बंद करणारं रसायन साधारण 10 ते 20 मिलिमोलर, ऐनवेळी विरघळवून घालतात. बफरमध्ये डीटीटी हे क्षपणकारक रसायन असेल तर एन-इथाइलमॅलीमाइड निकामी होतं. जस्तावर चालणाऱ्या डीयूबींना त्याने फरक पडत नाही, त्यासाठी जस्त पकडून ठेवणारं ईडीटीए किंवा फेनँथ्रोलीन लागतं. मास स्पेक्ट्रोमेट्रीत (रेणूंचं वजन मोजण्याच्या तंत्रात) सिस्टीन झाकायला वापरलं जाणारं आयोडोअ‍ॅसिटामाइड टाळलेलं बरं: त्याचे दोन रेणू एका लायसीनला चिकटले, तर प्रथिन कापल्यावर लायसीनवर उरणाऱ्या युबिक्विटिनच्या ग्लायसीन-ग्लायसीन खुणेइतकंच, 114 डाल्टन, वजन वाढतं आणि नसलेलं युबिक्विटिन दिसतं. क्लोरोअ‍ॅसिटामाइड वापरलं की हा धोका बराच टळतो.

रुग्णांतले पुरावे नंतर आले. 2009 मध्ये बी-पेशींच्या अनेक लिम्फोमांत ए20 निकामी झालेलं आढळलं. 2016 मध्ये त्याची एकच प्रत बिघडलेल्या कुटुंबांत लहान वयापासून तोंडात आणि जननेंद्रियावर वारंवार व्रण येतात, म्हणजे बेहचेटसारखा आजार होतो, हे स्पष्ट झालं. त्याच वर्षी ओट्युलिन या सरळ साखळ्याच तोडणाऱ्या डीयूबीच्या दोन्ही प्रती बिघडल्यावर अर्भकांना ताप, त्वचेखालच्या चरबीचा दाह आणि जुलाब होतात, असं दिसलं.

औषधांच्या बाबतीत इथे एक अडचण आहे. यूएसपी7सारखं डीयूबी रोखणारे रेणू बनवता येतात, पण ए20 किंवा ओट्युलिन मुळातच कमी पडतं, तिथे रोखायला काही नसतं. म्हणून उपचार पुढच्या टप्प्यावर होतो: ओट्युलिनच्या आजारात टीएनएफ अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब, ए20च्या आजारात टीएनएफ किंवा इंटरल्युकिन-1 (दाह वाढवणारं आणखी एक प्रथिन) अडवणारी औषधं.