प्रशिक्षण जहाज गस्त घालते तेव्हा आणि गस्ती नौका शिकवते तेव्हा

पुढच्या डेकवर तोफ दिसली की ती गस्ती नौका आणि कठड्याशी पांढऱ्या गणवेशातले कॅडेट रांगेत दिसले की ते प्रशिक्षण जहाज, अशी वाटणी बातम्यांतील छायाचित्रांखाली मी वर्षानुवर्षे वाचत आलो आहे. ती चुकीची आहे आणि तिच्यामुळे एखाद्या नौदलाकडे गस्तीसाठी किती जहाजे आहेत, ही साधी मोजणीही बिघडते.

गस्ती नौका म्हणजे काय, हे बहुतेकांना ठाऊक असते. किनाऱ्यापासून दूर बरेच दिवस राहायचे, मासेमारी, तस्करी आणि चाचेगिरी यांवर नजर ठेवायची आणि संशयित जहाजावर छोट्या बोटीतून तपासणी पथक पाठवायचे, हे तिचे काम. भारतीय नौदलाच्या सुकन्या वर्गातील नौका हा त्याचा ओळखीचा नमुना आहे. तरंगिणी आणि सुदर्शिनी ही शिडाची प्रशिक्षण जहाजे नजरेनेच वेगळी कळतात, त्यामुळे त्यांच्याविषयी घोळ होत नाही.

शस्त्रे कमी असल्यामुळे प्रशिक्षण जहाजाला गस्तीचा अधिकारच नसतो, असेही पुष्कळदा ठासून सांगितले जाते. १९८२ च्या सागरी कायद्याच्या कराराच्या कलम २९ मध्ये युद्धनौकेची जी व्याख्या आहे, तिच्यात तोफेचा उल्लेखही नाही. जहाज देशाच्या सशस्त्र दलांचे असावे, त्यावर तशी बाह्य चिन्हे असावीत, नेतृत्व रीतसर नियुक्त अधिकाऱ्याकडे असावे आणि खलाशी लष्करी शिस्तीखाली असावेत, एवढेच ते कलम मागते. म्हणजे नौदलाचे प्रशिक्षण जहाज कायद्याने युद्धनौकाच ठरते आणि चाचेगिरीचा सबळ संशय असलेले जहाज खुल्या समुद्रात तपासण्याचा कलम ११० मधील अधिकार त्यालाही असतो.

खरा फरक जहाजाच्या पोटात आहे आणि छायाचित्रात तो दिसत नाही, म्हणूनच तो निसटतो. माझगाव डॉकमध्ये बांधलेली आणि १९८६ मध्ये नौदलात दाखल झालेली आयएनएस तीर आराखड्यापासूनच शिकाऊ मुलांसाठी आखलेली आहे; तिच्यावर नेहमीच्या खलाशांखेरीज सुमारे १२० कॅडेटांची राहण्याची सोय आहे. उलट १९९३ मध्ये दाखल झालेली सुकन्या वर्गातील आयएनएस सुजाता ही मुळात गस्ती नौका असून, कोचीच्या पहिल्या प्रशिक्षण ताफ्याबरोबर ती जाते तेव्हा कॅडेटांना तिच्या आहे त्या जागेत सामावून घ्यावे लागते. दोन्ही जहाजे एकाच ताफ्यात, एकामागे एक निघतात, म्हणून त्यांना एकाच जातीची समजणे मला मुळीच मान्य नाही.

हा फरक ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या कक्षात, सर्वांत स्पष्ट कळतो. गस्ती नौकेवर चार्टचे, म्हणजे सागरी नकाशाचे, टेबल एकच असते आणि त्यावर पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याचा हक्क असतो. कॅडेट त्याच्या खांद्यावरून डोकावून शिकतो. त्याने किनाऱ्यावरच्या दीपगृहाचा कोन चुकीचा वाचला आणि त्यावरून जहाजाचे स्थान मैलभर बाजूला मांडले, तर ती रेघ लगेच खोडली जाते, कारण त्याच चार्टवर जहाज चालत असते. खास प्रशिक्षणासाठी बांधलेल्या जहाजांवर मुख्य ब्रिजखेरीज शिकाऊंसाठी स्वतंत्र जागा ठेवतात. तिथे प्रत्येकापुढे चार्ट असतो आणि तोच कोन प्रत्येकाला स्वतः मांडावा लागतो. चुकीची रेघ तासभर तशीच राहू देता येते, आपली चूक कुठे झाली हे कॅडेटाला स्वतः शोधायला लावता येते आणि त्या वेळात जहाज मुख्य ब्रिजच्या हिशोबाने सुरक्षित पुढे जात असते. चूक करायला मिळणारी ही जागाच प्रशिक्षण जहाजाचा गाभा आहे, असे माझे ठाम मत आहे.

या जागेची किंमत गस्तीच्या वेळी मोजावी लागते. शंभरावर जास्तीची माणसे पाणी आणि शिधा वापरतात, तपासणी पथक व त्याचे साहित्य ठेवायला जागा उरत नाही आणि संशयित नावेच्या मागे चार दिवस गेले तर अभ्यासक्रमातले चार दिवस जातात. म्हणून ‘गस्तही घालू शकते’ या शब्दांपुढे ‘कॅडेट किनाऱ्यावर असताना’ असे जोडून वाचावे. फ्रान्सच्या लेओपार वर्गातील आठ जहाजांची हीच गोष्ट आहे: १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेली, जेमतेम ४३ मीटर लांबीची ही शिकवणीची जहाजे गरजेला गस्तीवर जाऊ शकतात, पण त्यांना गस्ती ताफ्यात मोजणे चूक आहे.

सत्र संपून मुले उतरली की सुजाता पुन्हा पूर्णपणे गस्ती नौका होते. तीरवर मात्र त्या दिवशीही शंभरावर रिकामे बंक पुढच्या तुकडीची वाट पाहत असतात.