अभ्यासेतर उपक्रमांतील विद्यार्थ्यांची यादृच्छिक अमली पदार्थ चाचणी

अमेरिकेतील अनेक सरकारी शाळांमध्ये खेळ, बँड, गायनवृंद, वादविवाद, प्रश्नमंजूषा अशा अभ्यासेतर उपक्रमांत भाग घेणाऱ्या विद्यार्थ्यांची, त्यांच्यावर कोणताही संशय नसताना, सोडतीने नावे काढून अमली पदार्थांसाठी तपासणी केली जाते. या पद्धतीला यादृच्छिक अमली पदार्थ चाचणी असे म्हणतात. ती प्रामुख्याने नववी ते बारावीच्या, म्हणजे साधारण १४ ते १८ वर्षे वयाच्या, मुलामुलींना लागू असते. काही ठिकाणी सातवी-आठवीची मुलेही तिच्या कक्षेत येतात. उपक्रमात नाव नोंदवताना विद्यार्थी आणि पालक यांना संमतिपत्रावर सही करावी लागते. सही न केल्यास वर्गात बसण्याचा हक्क जात नाही, पण संघात, बँडमध्ये किंवा गायनवृंदात जागा मिळत नाही. अशा वेळी दिलेली संमती कितपत खरी मानायची, हा या पद्धतीविषयीच्या सगळ्या वादाचा गाभा आहे.

अमेरिकी राज्यघटनेची चौथी दुरुस्ती नागरिकांना अवाजवी झडती आणि जप्तीपासून संरक्षण देते, आणि लघवीचा नमुना घेऊन तो तपासणे ही कायद्याच्या दृष्टीने झडतीच ठरते. सरकारी शाळा हा शासनाचा भाग असल्याने हे बंधन तिच्यावर आहे. खासगी शाळेवर ते नाही. १९८५ साली ‘न्यू जर्सी विरुद्ध टी. एल. ओ.’ या खटल्यात, शौचालयात सिगारेट ओढल्याच्या संशयावरून एका विद्यार्थिनीची पर्स तपासली गेली होती. शाळेला झडतीसाठी वॉरंट लागत नाही, वाजवी संशय असला की पुरे, असे सर्वोच्च न्यायालयाने त्या वेळी ठरवले. म्हणजे वॉरंटची अट गेली, तरी त्या विशिष्ट मुलीविषयी काहीतरी कारण शाळेजवळ होतेच. पुढे १९८९ साली रेल्वे अपघातांनंतर कर्मचाऱ्यांची आणि सीमाशुल्क खात्यातील काही कर्मचाऱ्यांची संशयाविना चाचणी करण्यास न्यायालयाने मान्यता दिली. नेहमीच्या पोलीस तपासापलीकडची ‘विशेष गरज’ असेल, तर व्यक्तिगत संशय नसतानाही झडती वैध ठरू शकते, हे तत्त्व त्यातून रुजले आणि तेथून ते शाळांपर्यंत पोहोचले.

पहिला मोठा खटला ओरेगन राज्यातील व्हर्नोनिया या लाकूडतोडीवर जगणाऱ्या लहान गावातला आहे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथील शाळांत बेशिस्त वाढली, आणि अमली पदार्थांच्या वापरात खेळाडूच पुढे आहेत, अशी शिक्षकांची खात्री झाली. १९८९ साली शाळेने खेळाडूंसाठी चाचणी सुरू केली. हंगामाच्या आरंभी सर्वांची चाचणी होई आणि त्यानंतर दर आठवड्याला दोन प्रौढांच्या देखरेखीखाली एक विद्यार्थी न बघता नावे काढी; त्या दहा टक्के मुलांनी त्या दिवशी नमुना द्यायचा. १९९१ साली फुटबॉलसाठी नाव दिलेल्या सातवीतील एका मुलाच्या आईवडिलांनी सही करण्यास नकार दिला आणि प्रकरण न्यायालयात गेले. २६ जून १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ अशा बहुमताने शाळेच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांच्या निकालपत्राचा रोख असा होता की शाळा मुलांची पालकासारखी काळजी वाहते, खेळाडू एरवीही एकमेकांसमोर कपडे बदलतात आणि स्नान करतात, तेव्हा त्यांच्या खासगीपणाची अपेक्षा मुळातच कमी असते. शिवाय नशेत खेळणाऱ्याला इजा होण्याचा धोका मोठा असतो. ही कारणे मैदानावरच्या मुलांना लागू पडत होती. गायनवृंदात उभ्या राहणाऱ्या मुलीला ती कशी लागू करायची, हा प्रश्न त्या निकालाने मोकळाच ठेवला.

तो प्रश्न ओक्लाहोमा राज्यातील टेकम्सी या गावाने पुढे आणला. तेथील शाळा मंडळाने १९९८ साली सर्व अभ्यासेतर उपक्रमांसाठी चाचणीचे धोरण स्वीकारले. प्रत्यक्षात ते स्पर्धात्मक उपक्रमांना लागू करण्यात आले. त्यात खेळांबरोबर बँड, गायनवृंद, चीअरलीडिंग, प्रश्नमंजूषा संघ, शेतीचे शिक्षण घेणाऱ्या मुलांची संघटना आणि गृहविज्ञानाच्या विद्यार्थ्यांची संघटनाही आली. अँफेटामाइन हे उत्तेजक द्रव्य, गांजा, कोकेन, अफूजन्य पदार्थ आणि बार्बिट्युरेट ही गुंगी आणणारी औषधे यांचा शोध घेतला जाई. नाव निघालेला विद्यार्थी शौचालयाच्या बंद कप्प्यात जाई. बाहेर एक शिक्षक उभा राहून लघवीचा नेहमीचा आवाज येतो की नाही हे ऐके, जेणेकरून नमुन्यात फेरफार होऊ नये. मग तो शिक्षक नमुना दोन बाटल्यांत ओते, बाटल्या मोहोरबंद करी आणि विद्यार्थ्याच्या सहीच्या कागदासह टपालाच्या पाकिटात घाली. निकाल पोलिसांना कळवला जात नसे आणि त्यावरून शाळेतून काढले जात नसे. पहिल्यांदा दोषी निकाल आल्यास पालकांची बैठक होई, आणि समुपदेशनाचा पुरावा देऊन दोन आठवड्यांत पुन्हा चाचणी दिल्यास उपक्रम चालू राही. दुसऱ्यांदा १४ दिवसांची बंदी आणि चार तासांचे समुपदेशन. तिसऱ्यांदा उरलेले शैक्षणिक वर्ष किंवा ८८ शालेय दिवस, यांपैकी जे जास्त असेल तेवढा काळ बंदी. धोरण क्रूर नव्हते, हे मान्य करावे लागते. पण गायनवृंदाच्या शिक्षिकेने विद्यार्थ्यांनी चाचणीसाठी कळवलेल्या औषधांच्या याद्या इतर मुलांच्या नजरेस पडतील अशा ठेवल्या, असा आक्षेप खटल्यात नोंदवला गेला होता. गोपनीयता कागदावर लिहिलेली असली तरी टेबलावर पाळली जातेच असे नाही.

गायनवृंद, बँड आणि प्रश्नमंजूषा संघात असलेल्या लिंडसे अर्ल्स या विद्यार्थिनीने धोरणाला आव्हान दिले. जिल्हा न्यायालयाने शाळेची, तर अपील न्यायालयाने विद्यार्थ्यांची बाजू घेतली. २७ जून २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा काठावरच्या बहुमताने धोरण वैध ठरवले. न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी बहुमताच्या वतीने लिहिले की कपडे बदलण्याच्या खोलीचा मुद्दा व्हर्नोनियाच्या निकालात निर्णायक नव्हताच. उपक्रमात स्वेच्छेने येणारा विद्यार्थी प्रवासाचे, शिस्तीचे आणि गुणांचे जादा नियम आपणहून पत्करतो, त्यांतच हा एक. शाळेत अमली पदार्थांचा व्यापक प्रादुर्भाव सिद्ध करण्याची गरजही त्यांना वाटली नाही.

असहमतीचे निकालपत्र न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिले, आणि त्याचे वजन यासाठी जास्त आहे की व्हर्नोनियाच्या वेळी त्या बहुमताबरोबर होत्या. त्यांनी दोन गोष्टी दाखवून दिल्या. पहिली अशी की संघराज्याच्या निधीसाठीच्या अर्जांत याच शाळेने अमली पदार्थ ही आपल्याकडची मोठी समस्या असल्याचे दिसत नाही, असे कळवले होते. दुसरी, अधिक मूलगामी: अभ्यासेतर उपक्रम हे शाळेच्या शिक्षणाचेच अंग आहे आणि महाविद्यालयात प्रवेश मागणाऱ्या मुलाला ते जवळपास अनिवार्य असते. हे दुसरे निरीक्षण बहुमताच्या इमारतीचा पाया हलवते, असे प्रस्तुत नोंदीचे मत आहे. ज्या देशात महाविद्यालयाचा प्रवेश-अर्ज मुलाने शाळेच्या तासांबाहेर काय केले हे रकान्या-रकान्यांत विचारतो, त्या देशात बँड सोडून देण्याचा पर्याय खुला आहे म्हणून सही ऐच्छिक, असे म्हणणे वास्तवाला धरून नाही. उपक्रमांत रमलेली मुले व्यसनाकडे कमी वळतात, तेव्हा हे धोरण ज्यांना धोका कमी त्यांना तपासते आणि ज्यांना धोका जास्त त्यांना उपक्रमापासून दूर ठेवते, हेही गिन्सबर्ग यांनी नोंदवले.

चाचणीच्या तंत्रालाही मर्यादा आहेत. प्राथमिक तपासणी प्रतिपिंडांवर आधारलेली, स्वस्त आणि झटपट असते. ती दोषी आली तर वायुवर्णलेखन आणि वस्तुमान वर्णपटमापन यांच्या जोडपद्धतीने, म्हणजे नमुन्यातील द्रव्ये वेगळी करून एकेक ओळखणाऱ्या तपासणीने, खात्री करावी लागते. ही दुसरी पायरी वगळणे म्हणजे निर्दोष मुलाला दोषी ठरवण्याची जोखीम पत्करणे होय. खसखशीत मॉर्फिनचे अंश असतात, त्यामुळे खसखस लावलेला पाव, किंवा आपल्याकडे दिवाळीत होणारा अनारसा, मोठ्या प्रमाणात खाल्ल्यास अफूजन्य पदार्थांची प्राथमिक चाचणी दोषी येऊ शकते. अमेरिकेत नोकरीच्या ठिकाणच्या संघराज्यीय चाचण्यांत, लघवीत ही द्रव्ये किती सापडल्यास निकाल दोषी धरायचा ही मर्यादा १९९८ साली दर मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २,००० नॅनोग्रॅमवर नेण्यात आली. अवधान-न्यूनतेसाठी (एडीएचडी) डॉक्टरांनी दिलेले अँफेटामाइन घेणाऱ्या मुलाला आपले औषध शाळेला सांगावे लागते, म्हणजे ज्याने काहीच चुकीचे केलेले नाही त्याचीच खासगी गोष्ट उघड होते. गांजाचे चयापचयी द्रव्य चरबीत साठत असल्याने नेहमी ओढणाऱ्याच्या लघवीत ते कित्येक आठवडे सापडू शकते, उलट कोकेनचा माग साधारण दोन ते चार दिवसांत पुसला जातो आणि किशोरवयात सर्वाधिक वापरले जाणारे मद्य तर काही तासांतच निघून जाते. चाचणीला घाबरून एखाद्याने गांजा सोडून मद्य धरले, तर कागदोपत्री ते यशच दिसेल. फेंटॅनिल हे अफूसारखेच काम करणारे, आज सर्वांत घातक ठरलेले कृत्रिम द्रव्य नेहमीच्या अफूजन्य चाचणीत दिसत नाही. त्यासाठी वेगळी चाचणी लागते.

उपयुक्ततेचा पुरावा संमिश्र आहे. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी सुमारे ७६,००० विद्यार्थ्यांच्या पाहणीवरून २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चाचणी असलेल्या आणि नसलेल्या शाळांत अमली पदार्थांच्या वापरात फरक आढळला नाही. मात्र तो पाहणीवर आधारलेला होता, प्रयोगावर नव्हे. त्याच सुमारास राजकीय वारे चाचणीच्या बाजूने होते: राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी जानेवारी २००४ मधील वार्षिक भाषणात शाळांतील चाचण्यांसाठी २ कोटी ३० लाख डॉलरचा जादा निधी मागितला. पुढे अमेरिकी शिक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने ३६ शाळांत केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१० साली आले. गेल्या ३० दिवसांत चाचणीतील पदार्थ वापरल्याचे चाचणी असलेल्या शाळांतील उपक्रमांत असणाऱ्या १६ टक्के मुलांनी सांगितले, चाचणी नसलेल्या शाळांत हे प्रमाण २२ टक्के होते. उपक्रमांतील सहभाग घटला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु पुढे हे पदार्थ वापरण्याचा मुलांचा इरादा बदलला नाही आणि त्याच शाळांतील उपक्रमांबाहेरच्या मुलांवर परिणाम दिसला नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने पुरेशा पुराव्याअभावी शाळांतील चाचणीच्या सरसकट प्रसाराला २०१५ साली विरोध नोंदवला.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल शाळांना मुभा देतो, सक्ती करत नाही, आणि राज्यांच्या घटना नागरिकांना जास्त संरक्षण देऊ शकतात. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली शाळेकडे प्रत्यक्ष गरजेचा पुरावा मागितला. वॉशिंग्टन राज्यात २००८ साली खेळाडूंची संशयाविना चाचणीसुद्धा राज्यघटनेविरुद्ध ठरली. टेक्सासमधील लॉकनी येथे सरसकट सर्व विद्यार्थ्यांची चाचणी करण्याचे धोरण संघराज्यीय न्यायालयाने २००१ साली रद्द केले. न्यू जर्सीत, जेथे मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे, हंटरडन सेंट्रल हायस्कूलचे धोरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली ४ विरुद्ध ३ मतांनी उचलून धरले.

ई-सिगारेटचा प्रसार झाल्यानंतर काही शाळांनी निकोटिनचाही तपास सुरू केला आहे. त्यामुळे वर्षारंभीच्या कागदांच्या गठ्ठ्यात येणारे संमतिपत्र दरवेळी तेच असेल असे नाही. कोणती द्रव्ये तपासली जाणार, नकार दिल्यास तो दोषी निकाल धरला जातो का, दोषी नमुन्याची दुसऱ्या पद्धतीने खात्री होते का, मुलाच्या औषधांची यादी कोणाच्या हाती राहते आणि शाळा सोडल्यावर नोंदी नष्ट होतात का, हे प्रत्येक शाळा मंडळ आपल्या धोरणात वेगवेगळे ठरवते, आणि ते त्या छापील पानावर सहीच्या वर लिहिलेले असते.